पुढाकार शिकवता येतो का? छोट्या व्यावसायिकांच्या प्रशिक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिठाची गिरणी, किराणा, शिलाई, सलून, मोबाइल दुरुस्ती, खानावळ असे एक-दोन माणसांच्या जिवावर चालणारे धंदे ज्यांचे आहेत त्यांच्याकडून, आणि त्यांच्यासाठी वर्ग घेणाऱ्या संस्था, बचत गट, बँकांचे अधिकारी यांच्याकडूनही येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. काहींचं उत्तर दोन ओळींत संपतं, काहींचं नाही.

"पुढाकाराचं प्रशिक्षण" म्हणजे नेमकं काय?

कुणी सांगायच्या आत, अडचण दारात यायच्या आत, आपल्या धंद्यासाठी स्वतःहून हालचाल करायची सवय लावणारं प्रशिक्षण. जर्मन मानसशास्त्रज्ञ मिखाएल फ्रेझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गेल्या तीसेक वर्षांत उभं केलं. त्यांच्या मांडणीत पुढाकाराला तीन अंगं आहेत. पहिलं, सुरुवात आपण होऊन करणं. शेजाऱ्याने केलं म्हणून, व्यापाऱ्याने गळ्यात मारलं म्हणून किंवा योजना आली म्हणून केलेलं यात धरत नाहीत. दुसरं, पुढचं बघणं. सहा महिन्यांनी, वर्षाने काय येणार आहे याचा अंदाज आज घ्यायचा. तिसरं, अडलं तरी लावून धरणं.

तिसऱ्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. नवीन काहीतरी करून बघणारे दुकानदार पुष्कळ भेटतात. पहिला माल अंगावर पडला की "आपल्या गावात हे चालत नाही" म्हणून ते मोकळे होतात. का चाललं नाही हे शोधून पुन्हा हात घालणारे मोजके.

नेहमीच्या उद्योजकता प्रशिक्षणात हे नसतं का?

उल्लेख असतो. पहिल्या दिवशी यशस्वी उद्योजकाच्या गुणांची यादी फळ्यावर येते, त्यात "पुढाकार" असतोच. मग उरलेले दिवस प्रकल्प अहवाल, कर्जप्रकरण, जीएसटी, उद्यम नोंदणी, विपणन. हे सगळं कामाचं आहे, पण त्यातून माहिती मिळते. सोमवारी दुकान उघडल्यावर माणूस शनिवारी वागत होता तसाच वागतो. पुढाकाराच्या वर्गात व्याख्यान कमी आणि प्रत्येकाने स्वतःच्याच धंद्यावर करायचं काम जास्त असतं. तेच काम वेगवेगळ्या बाजूंनी परत परत करून घेतात, अंगवळणी पडेपर्यंत.

आमच्याकडे एक वक्ते आले होते, दोन तास जबरदस्त बोलले. ते हेच ना?

नाही. सभागृहात टाळ्या पडल्या, घरी जाताना सगळे भारावलेले होते, हे खरं असेल. पण कुणाच्या वहीत "येत्या बुधवारी मी अमुक व्यापाऱ्याकडे जाऊन अमुक विचारणार" असं वाक्य नसेल, तर प्रशिक्षण झालेलं नाही.

याने गल्ल्यात भर पडते याला पुरावा काय?

आजवरचा सगळ्यात गाजलेला पुरावा पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो या छोट्या देशातला आहे. तिथल्या राजधानीत, लोमे शहरात, १,५०० छोटे व्यावसायिक निवडले. कुणी शिंपी, कुणी सुतार, कुणी टपरीवाले. निम्म्याहून थोड्या जास्त स्त्रिया. धंदे आपल्याकडच्यासारखेच: बहुतेकांची कुठे कंपनी म्हणून नोंद नाही, हाताखाली दोन-तीन माणसं, हिशेब डोक्यात. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे पाचशे-पाचशेचे तीन गट पाडले. एका गटाला काहीच शिकवलं नाही. दुसऱ्याला जागतिक बँक समूहाच्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचं नावाजलेलं व्यवसाय प्रशिक्षण दिलं: हिशेब, विक्री, मनुष्यबळ, नोंदणी वगैरे. तिसऱ्याला पुढाकाराचं.

दोन्ही प्रशिक्षणांचा वेळ सारखा होता. चार आठवडे, आठवड्यातून तीन अर्धे दिवस, एकूण ३६ तास. त्यानंतर चार महिने दर महिन्याला प्रशिक्षक प्रत्येकाच्या धंद्याच्या जागी जाऊन तीन तास बसत. प्रशिक्षण २०१४ मध्ये झालं आणि पुढची अडीच वर्षं चार वेळा सर्वेक्षण करून नफा तपासला.

पुढाकाराच्या गटाचा नफा, काहीच न शिकलेल्या गटाच्या तुलनेत, सरासरी ३० टक्क्यांनी वाढला. हिशेब-विक्री शिकलेल्यांचा ११ टक्क्यांनी, आणि हे ११ टक्के इतके डळमळीत की योगायोगानेही तेवढे दिसू शकतात, असं संख्याशास्त्राचं म्हणणं पडलं. अभ्यास २०१७ मध्ये "सायन्स" या नियतकालिकात आला. लेखकांत फ्रेझे आणि जागतिक बँकेतले अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी हे दोघेही आहेत.

माझ्या दृष्टीने टक्क्यांपेक्षा महत्त्वाचं आहे ते हे की वाढ आली कुठून. पुढाकाराच्या गटातल्या लोकांनी नवीन वस्तू, नवीन सेवा जास्त प्रमाणात सुरू केल्या, धंद्यात पैसे जास्त घातले, कर्जही जास्त घेतलं. लग्नाचे पोशाख भाड्याने देणाऱ्या एका बाईंनी सोबत लागणारे हातमोजे आणि चेहऱ्यावरची जाळी विकायला सुरुवात केली. आपल्याकडे शेरवानी भाड्याने देणाऱ्याने फेटा बांधून द्यायचंही काम घ्यावं, तसं. गिऱ्हाईक तेच, दारात आलेलं. फक्त त्याला आणखी काय लागतं हा प्रश्न याआधी कुणी स्वतःला विचारला नव्हता.

पुढाकार हा स्वभाव आहे. काहींच्या अंगात असतो, काहींच्या नसतो. शिकवून कसा येणार?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बैठकीत येतो आणि बहुधा असा माणूस विचारतो ज्याच्या स्वतःच्या अंगात तो भरपूर असतो.

फ्रेझेंचं कामच या प्रश्नापासून सुरू झालं. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या, तेव्हा पश्चिमेकडचे लोक म्हणत की पूर्वेकडच्या कामगाराला सांगितल्याशिवाय हात हलवता येत नाही. फ्रेझे आणि सहकाऱ्यांनी पूर्वेकडचं ड्रेस्डेन आणि पश्चिमेकडचं माइन्झ या दोन शहरांतल्या कामगारांची तुलना केली. पूर्वेकडे पुढाकार कमी होता हे खरं निघालं. पण त्याचं मोठं कारण नोकरीत सापडलं: ज्या कामात स्वतः काही ठरवायला वावच नाही, ते वर्षानुवर्षं केलं की ठरवायची सवय मोडते. वाव वाढला की पुढाकारही वाढतो. म्हणजे तो घडतो आणि बिघडतोही.

आपल्याकडे याच्याही आधी एक प्रयोग झालेला आहे. १९६० च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी आंध्रातल्या काकीनाडा शहरातले व्यापारी हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत आणून त्यांना थोड्या दिवसांचा अभ्यासक्रम दिला. (तीच संस्था आज सूक्ष्म, लघु व मध्यम उद्यम मंत्रालयाखाली चालते.) विषय होता काहीतरी करून दाखवायची ओढ. नंतरच्या काळात शिकून गेलेल्यांनी न शिकलेल्यांपेक्षा जास्त नवे धंदे काढले, जास्त गुंतवणूक केली. लोक असेच, परंपराही हीच. "आपली माणसंच तशी" हे उत्तर तिथेच खोटं ठरलं होतं. आपण ते विसरलो.

वर्गात नेमकं काय करून घेतात?

चार टप्पे असतात: ध्येय ठरवणं, माहिती काढणं, बेत आखून कामाला लागणं, आणि काय झालं ते तपासणं. प्रत्येक टप्प्यावर वरची तीन अंगं लावून बघायची. असं लिहिलं की कोरडं वाटतं, म्हणून तालुक्याच्या गावातल्या ब्लाउज-फॉल-पिको करणाऱ्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. वर्गात होणारं बोलणं साधारण असं असतं:

"ताई, पुढच्या सहा महिन्यांत काय करायचंय?"
"धंदा वाढवायचा."
"म्हणजे?"
"गिऱ्हाईक वाढवायचं."
"कुठलं गिऱ्हाईक? कशासाठी येणारं?"

इथे बहुतेक जण गप्प होतात. प्रशिक्षकाने इथे घाई करायची नसते, स्वतः उत्तर सुचवायचं तर मुळीच नसतं. थोड्या वेळाने ताई म्हणतात, "नवरीचे ब्लाउज सगळे जिल्ह्याला जातात. आरी वर्क असतं ना."

"किती जात असतील? आणि का जातात?"
"तिकडं स्वस्त पडत असेल."
"असेल की आहे?"

बस. हाच गृहपाठ. पुढच्या वर्गापर्यंत ताईंनी दोन साडीच्या दुकानांत, एका ब्यूटी पार्लरमध्ये आणि गेल्या वर्षी लग्न झालेल्या ओळखीच्या मुलींना विचारून यायचं. ताई विचारून येतात आणि वर्गात सांगतात की स्वस्ताचा काही संबंध नाही, उलट तिकडे महाग आहे. पण तिकडे पावतीवर तारीख लिहून देतात आणि त्या तारखेला ब्लाउज मिळतो. इकडे "परवा या" चालतं. हळद लागायची वेळ आली तरी नवरीची आई टेलरच्या दुकानात बसलेली.

आता ध्येय बदललं. आधी डोक्यात होतं आरी वर्क शिकायचं, मशीन घ्यायचं, त्यासाठी कर्ज काढायचं. आता पहिलं काम निघालं तारीख पाळणं. आरीचं काम करणारा कारागीर जोडून घेता येतो. मग तारखा उलट्या मोजायच्या. तुळशीची लग्नं लागली की मुहूर्त सुरू. म्हणजे पहिले ब्लाउज दसऱ्याच्या आगेमागे शिवायला येणार. म्हणजे कारागिराशी बोलणं नवरात्राच्या आधी झालं पाहिजे, आणि नमुने गौरी-गणपतीत, जेव्हा बायका एकमेकींकडे जातात-येतात, तेव्हा दुकानात टांगलेले पाहिजेत. कारागीर ऐनवेळी गावाला गेला तर? दुसरा कोण, हे आजच लिहून ठेवायचं.

शेवटचा टप्पा वहीचा. किती नवऱ्या आल्या, कुणी सांगून आल्या, किती तारखा चुकल्या. इतकंच. तीन रकाने पुरतात.

वर्गात प्रत्येकाच्या धंद्यावर हे असं चालतं. चुकणं, पुन्हा करणं, शेजारी बसलेल्या सलूनवाल्याने ताईंच्या बेतातली भोकं दाखवणं. खरं तर तो सलूनवालाच फार उपयोगी पडतो, कारण तो गिऱ्हाइकाच्या नजरेने बघतो.

सगळ्यांनी हेच शिकलं तर गल्लीत सगळे तेच करतील ना?

नक्कल हा छोट्या धंद्याचा जुना आजार आहे. एकाची वडापावची गाडी चालली की त्याच चौकात महिनाभरात आणखी तीन लागतात, तोच पाव, तीच चटणी, आणि मग भाव पाडायची शर्यत. म्हणूनच या वर्गात सुरुवातीलाच एक काम देतात: आपल्यासारख्याच शेजारच्या दुकानांत आणि आपल्यात काय सारखं आहे ते लिहा. यादी लांबलचक होते. मग वेगळं काय आहे ते लिहा. बऱ्याच जणांचा हा कागद कोरा राहतो, आणि तो कोरा कागद पाहून जो झटका बसतो तो कुठल्याही व्याख्यानाने बसत नाही.

वेगळं म्हणजे जगावेगळं नव्हे. गिरणीवाल्याने उन्हाळ्याच्या तोंडावर मिरची कांडपाचं यंत्र टाकणं आता सगळीकडे झालंय. पण उपवासाची भाजणी आणि रोजचं पीठ यांच्या वेळा वेगळ्या ठेवून, "मंगळवारी सकाळी फक्त उपवासाचं दळण" अशी पाटी लावली, तर ज्यांना उपवासाच्या पिठात रोजचं पीठ मिसळलेलं चालत नाही अशा सगळ्या आजीबाई त्या गिरणीत येतील. त्याला पैसा लागला शून्य.

पण भांडवलच नाही, तर पुढाकार घेऊन करायचं काय?

भांडवलाची अडचण खोटी नाही, तिला कमी लेखणारे सल्लागार मला आवडत नाहीत. तरी दोन गोष्टी लक्षात घ्या. टोगोमध्ये कुणालाही पैसे दिले नव्हते. पुढाकाराच्या गटाने नंतर स्वतः कर्ज मिळवलं. आधी काय करायचं ते स्पष्ट झालं, मग सावकारापुढे किंवा बँकेपुढे जाऊन बोलता आलं. दुसरं, पुढाकाराची पहिली पावलं बहुतेक वेळा बिनपैशाची असतात. घाऊक व्यापाऱ्याला पंधरा दिवसांच्या उधारीबद्दल विचारणं. शेजारच्या दोन दुकानदारांसोबत एकत्र माल उचलणं. गिरणीचा पट्टा तुटल्यावर तालुक्याला धावण्याऐवजी एक जादा पट्टा आणून खुंटीला टांगणं, आणि दगड टाकवायला माणूस सणाच्या आदल्या दिवशी शोधण्याऐवजी आधीच बोलावून घेणं. (यात पट्ट्याचे पैसे लागतात, पण दिवाळीच्या अनारशांचं दळण परत पाठवण्यापेक्षा कमीच.)

मग हिशेब शिकायची गरज नाही?

आहे. वहीशिवाय चौथा टप्पाच होत नाही. ज्याला घरखर्च आणि दुकानाचा गल्ला वेगळा काढता येत नाही, त्याला नवीन माल परवडला की नाही हे कळणारच नाही. पण दोन्ही एकाच पोतडीत कोंबू नका. जमेकात केलेल्या एका अभ्यासात एका गटाला पुढाकाराचं प्रशिक्षण भरगच्च दिलं आणि दुसऱ्याला तेच थोडं, सोबत नेहमीचं व्यवसाय प्रशिक्षण. मिश्र गटात ठळक परिणाम काहीच दिसला नाही. माझं मत असं की सवय लागायला लागणारा वेळ कापला की सवय लागत नाही. हिशेबाचा वर्ग वेगळा घ्या, महिनाभराने घ्या.

म्हणजे हे सगळीकडे चालतंच असं नाही?

नाही, आणि असं सांगणाऱ्यापासून सावध राहा. जमेकातल्या त्याच अभ्यासात भरगच्च प्रशिक्षण घेतलेल्या पुरुषांना तीन महिन्यांनी फायदा दिसला, वर्षभराने तो विरून गेला. प्रशिक्षण तेच, मांडणी तीच. का, यावर वाद घालता येईल. टोगोतल्या यशाकडे बघताना मला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या वर्गानंतरच्या चार भेटी. आपल्याकडे कार्यक्रमाचं अंदाजपत्रक कापायची वेळ आली की पहिली कात्री तिथेच लागते: चहा-नाश्ता राहतो, बॅनर राहतो, भेटी जातात.

स्त्रियांना याचा जास्त फायदा होतो असं ऐकलं. खरं का?

सुरुवातीला तसंच दिसलं. टोगोत पहिल्या अडीच वर्षांत पुढाकार शिकलेल्या स्त्रियांचा नफा ४० टक्क्यांनी वाढला. नेहमीचं प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांचा जेमतेम ५. हा आकडा सगळीकडे मिरवला गेला, बऱ्याच देशांनी स्त्रियांसाठी असे कार्यक्रम काढले.

मात्र त्याच लोकांकडे सात वर्षांनी पुन्हा जाऊन पाहिलं, तेव्हा चित्र बदललेलं होतं. एकूण फायदा टिकून होता. पण पुरुषांचा वाढत गेला होता, कारण ते धंद्यात भांडवल साठवत गेले; स्त्रियांचा सपाट झाला किंवा ओसरला, त्यांच्याकडे भांडवल फारसं साठलंच नाही.

बचत गटांत काम केलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. पापडाच्या धंद्यात सुटलेले पैसे पोराच्या फीला जातात, दिराच्या दवाखान्याला जातात, आणि जायलाही हवेत, तेव्हा कोण नाही म्हणणार? पण नवऱ्याच्या रिक्षाच्या हप्त्याची रक्कम जशी कुणी हलवत नाही, तसा मान बाईच्या धंद्यातल्या पैशाला घरात नसतो. एकट्या बाईला पुढाकार शिकवून हा भाग सुटत नाही. तिच्या स्वतःच्या नावाचं खातं, जागेच्या करारावर तिचं नाव, आणि वर्गाच्या एका दिवशी घरच्या माणसांनाही बोलावणं, एवढं तरी सोबत हवं, असं मला वाटतं.

किती वेळ आणि किती खर्च लागतो?

टोगोमध्ये माणशी साधारण ७५० डॉलर लागले, त्या वेळच्या दराने सुमारे ४५ हजार रुपये. वाढलेल्या नफ्यातून तो वर्षभरात वसूल झाला. आपल्याकडे स्थानिक प्रशिक्षक आणि ग्रामपंचायतीचं किंवा शाळेचं सभागृह वापरलं तर खर्च पुष्कळ खाली येईल. वेळेत मात्र काटकसर करू नका. ३६ तास सलग पाच दिवसांत उरकण्यात अर्थ नाही. मध्ये दुकानात परत जाऊन करून बघायचे दिवस हवेत. आठवड्यातून तीन अर्धे दिवस ही विभागणी त्यासाठीच.

दुकान बंद ठेवून येणार कसं?

म्हणूनच अर्धे दिवस. वेळ धंदा बघून ठरवा: भाजीवाल्यांना दुपार, खानावळवाल्यांना दुपारी तीननंतर, सलूनवाल्यांना सोमवार. बाजाराच्या दिवशी वर्ग ठेवणाऱ्या संस्थेला दुकानदारांबद्दल काही कळत नाही, असं समजायला हरकत नाही.

महाराष्ट्रात असं प्रशिक्षण कुठे मिळेल?

याच नावाचा अभ्यासक्रम मागायला गेलात तर समोरचा गोंधळून जाईल. पण जागा आहेत. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, मुख्यालय छत्रपती संभाजीनगर, जिल्ह्याजिल्ह्यांत कार्यक्रम घेतं. प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, असते. तिथे प्रशिक्षण मोफत असतं आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा करायचा असं त्यांच्या पद्धतीतच लिहिलेलं आहे. तो पाठपुरावा मागून घ्या, फोनवर हजेरी लावून झाला असं होऊ देऊ नका. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज घेतलं असेल तर अगदी लहान प्रकल्प सोडले तर प्रशिक्षण बहुधा सक्तीचंच असतं. बरेच जण ते अनुदानाचा एक कागद म्हणून उरकतात. तिथे गेल्यावर आपल्याच धंद्याचे प्रश्न विचारून प्रशिक्षकाला भंडावून सोडणं, हाही पुढाकारच.

सातारा जिल्ह्यात म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने बसमध्येच व्यवसाय शाळा थाटून गावोगावी नेली. त्यांच्या बँकेची गोष्ट तर या विषयासाठीच असल्यासारखी आहे. गावातल्या बायकांनी सहकारी बँक काढायची म्हणून अर्ज केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने आधी नकार दिला. प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या लिहा-वाचायला शिकल्या, माणदेशीच्या संस्थापक चेतना सिन्हांबरोबर परत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय व्याज काढून दाखवतो, तुमच्या माणसांनीही काढावं. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. स्वतःहून उठणं आणि नकारानंतर पुन्हा जाणं कसं असतं, हे वर्गात समजावायला यापेक्षा बरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आमची संस्था आहे. असा वर्ग सुरू करायचा तर काय सांभाळावं?

प्रशिक्षक आधी. एमबीए झालेला असला पाहिजे असं काही नाही, पण गप्प बसता आलं पाहिजे. शिंपिणीने चुकीचा बेत मांडला की लगेच दुरुस्त करणारा प्रशिक्षक तिचा पुढाकार तिच्या देखत हिसकावून घेतो. गंमत म्हणजे शिक्षकी पेशातून आलेल्यांना हे सगळ्यात अवघड जातं.

मग माणसं. आधीच किमान वर्षभर धंदा चालवत असलेल्यांना घ्या. नुसतं "काहीतरी करायचंय" म्हणणाऱ्यांचा वर्ग वेगळा असतो; इथे त्यांच्याकडे करून बघायला दुकानच नसतं. एकाच धंद्यातले पंचवीस जण एका वर्गात बसवू नका, ते एकमेकांपासून लपवाछपवी करतात. आणि लक्ष्य पूर्ण करायला म्हणून गटातल्या चार बायकांना ओढून आणून बसवू नका.

भेटींसाठी माणूस आणि प्रवासखर्च पहिल्याच दिवशी बाजूला काढा. भेटीत पहिला अर्धा तास प्रशिक्षकाने नुसतं बसून बघायचं: गिऱ्हाईक काय मागतं, काय नाही म्हणून परत जातं. दुकानदाराला आपल्या दुकानातून परत गेलेलं गिऱ्हाईक दिसत नाही, कारण ते नेहमीचंच झालेलं असतं.

अहवालात किती प्रमाणपत्रं वाटली हे लिहावंच लागेल, लिहा. पण स्वतःसाठी वेगळा कागद ठेवा: सहा महिन्यांत किती जणांनी काय नवीन सुरू केलं, किती जणांचं पहिल्यांदा फसलं, आणि फसलेल्यांपैकी किती जणांनी दुसऱ्यांदा करून बघितलं.

उत्साहाच्या भरात चुकीचं पाऊल पडलं तर? कर्ज काढून बसलो तर?

भीती रास्त आहे. वर्गातून बाहेर पडल्या पडल्या दुसरी शाखा काढणारे असतात. म्हणून नियम साधा ठेवा: नवीन गोष्ट आधी इतक्या लहान प्रमाणात करा की बुडाली तरी महिन्याचं वाणसामान अडणार नाही. केक विकायचे आहेत तर आधी ओव्हन नको. ओळखीच्या बेकरीतून चार केक आणून ठेवा, विकले जातात का आणि कोण घेतं बघा. दोन रविवार विकले गेले तर ओव्हनबद्दल बोलू.

वर्ग मिळाला नाही तर घरच्या घरी काय करता येईल?

दुकानाच्या भिंतीवर दिनदर्शिका असतेच. तीच घ्या. पुढच्या सहा महिन्यांतले आपल्या धंद्याचे गर्दीचे आणि मंदीचे दिवस तीवर खुणा करा: श्रावण, पितृपंधरवडा, शाळा सुरू व्हायचा आठवडा, ऊसतोडीला लोक जायचे दिवस, गावची जत्रा. प्रत्येक गर्दीच्या खुणेपासून सहा आठवडे मागे या आणि तिथे एकच काम लिहा. प्रत्येक मंदीच्या खुणेवर एकच प्रश्न लिहा: या दिवसांत माझं गिऱ्हाईक पैसे कशावर खर्च करतं? पितृपंधरवड्यात कापड दुकान थंड असतं, पण त्याच गिऱ्हाइकाला पत्रावळी, केळीची पानं आणि स्वयंपाकाला माणूस लागतो.

मग आठवड्यातून एक वेळ ठरवून, दुकान उघडायच्या आधी अर्धा तास, धंद्याबाहेरच्या एका माणसासोबत ही दिनदर्शिका बघा. घरचं माणूस नको. ते एकतर "कशाला उगीच" म्हणतं किंवा सगळ्यालाच "छान" म्हणतं.

मला वेळ नाही, दुकानातल्या पोराला पाठवलं तर चालेल का?

नाही. शिकून येईल तो, आणि दुसऱ्या दिवशी "मालक, असं करू या का?" म्हणेल. तुम्ही "आधी माल उतरव" म्हणाल. पाठवायचंच असेल तर दोघं मिळून या, आणि निदान एक गोष्ट त्याला विचारून त्याच्यावर सोपवा: अमुक रकमेपर्यंतचा माल कुठून, किती आणायचा ते तो ठरवेल.